आधी कोण बोलणार

आकाश अखंड आहे, त्याला कोणी कुंपण घातलेलं नाही. पुण्यातल्या एका विमान नियंत्रण कक्षात मात्र २००६ साली त्याची रीतसर वाटणी झालेली होती. वाघोलीच्या पूर्वेचं आकाश रंगनाथ सोवनींचं, पश्चिमेचं उत्तरेश्वर जाधवरांचं. दोघांच्या टेबलांत चार हात अंतर आणि एक थेट फोन. विमानाने हद्द ओलांडायच्या आत देणाऱ्याने घेणाऱ्याला फोनवर सांगायचं, एवढाच नियम.

आठ महिन्यांपूर्वी सोवनींनी एक विमान उशिरा सोपवलं. जाधवर फोनवर म्हणाले, "विमान दारात आल्यावर सांगता. मुलीच्या लग्नाची पत्रिका काय वरात निघाल्यावर पाठवणार?"

सोवनींच्या मुलीचं लग्न झालं, जाधवरांना पत्रिका आलीच नाही. तेव्हापासून संभाषण "सोडलं" आणि "घेतलं" एवढ्यावर आलं. आयटीवाल्यांमुळे विमानं वाढली, शब्द वाढले नाहीत. मग एका मंगळवारी तेही खुंटले, आणि दोन विमानं एकाच उंचीवर समोरासमोर आली. वैमानिकाच्या यंत्राने बोंब मारली म्हणून एक वर गेलं.

चौकशीला दिल्लीहून दीपाली मेश्राम आल्या. मूळच्या नागपूरच्या, वयाने दोघांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सोवनींच्या निवृत्तीला चौदा महिने होते. दोषी ठरले तर माइक जाणार आणि उरलेली नोकरी भांडारात ट्यूबलाइट पुसत काढायची.

मेश्राम मॅडमनी फोनची टेप लावली. खट्. पलीकडे उचलल्याचा दुसरा खट्. मग अडतीस सेकंद नुसते श्वास. मध्येच कोणीतरी खाकरलं.

"हे कोण?"

"हे," दोघांनी एकमेकांकडे बोट केलं.

"सोवनी, फोन तुम्ही केलात. बोलला का नाहीत?"

"उचलणाऱ्याने आधी नाव सांगायचं असतं. नियमावलीत आहे. यांनी वाचली असेल तर."

"जाधवर?"

"विमान यांचं शिरत होतं. पाहुण्याने आधी कडी वाजवावी. आमच्याकडे बार्शीला तरी तशी पद्धत आहे."

"पडद्यावर दिसत होतं तुम्हाला?"

"स्वच्छ."

"आणि समोरून येणारं तुमचं?"

"तेही."

"अडीचशे माणसं होती, जाधवर."



मॅडमनी निकाल लिहिला. दोघांचे परवाने तीन महिने बंद. मग सरावाच्या खोलीत एकमेकांना शंभर विमानं सोपवून दाखवायची, मोठ्याने, पूर्ण वाक्यांत. एक गप्प बसला तरी दोघं नापास आणि दोघंही भांडारात.

"सह्या करा."

जाधवरांनी केली. सोवनींनी खिसे चाचपले, वरचा, मग पँटचे, मग पुन्हा वरचा. मॅडमनी घड्याळ पाहिलं. जाधवर छताकडे बघत राहिले.

"जाधवर," सोवनी शेवटी म्हणाले, "आपलं पेन द्या जरा."

जाधवरांनी पेन पुढे केलं. मग हात आखडून टोपण काढून घेतलं.

"हे माझ्याकडे राहू द्या."