पहिला फटका रिकामा

मित्रांनो, तुमच्या मोबाइलमध्ये 'राखण' नावाचा खेळ असेल, तर जरा त्यातली पिशवी उघडा. सगळ्यात वर बंदूक दिसेल. तिच्या खाली भाला, जाळं, फटाक्यांची माळ, मशाल. आता बोट आणखी खाली न्या. अजून खाली. हां, तिथे. ती मळक्या रंगाची दोरी दिसते ना, तीच मी. मी एक जुनी गोफण आहे. जुनी म्हणजे तरी किती, चार वर्षांची. पण मोबाइलच्या खेळात चार वर्षं म्हणजे पणजीचं वय झालं. कोणी विचारत नसलं की आपली ओळख आपणच करून द्यावी लागते, म्हणून एवढं बोलले.

तुमच्यातल्या पुष्कळांनी खरी गोफण पाहिलीही नसेल. वाखाच्या, म्हणजे घायपाताच्या धाग्याच्या, दोन दोऱ्या आणि मधे विणलेली छोटीशी झोळी. झोळीत दगड ठेवायचा, एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी मुठीत धरायची, डोक्यावर गरगर फिरवायची आणि मुठीतली दोरी सोडून द्यायची. दगड सुटतो आणि दोरीचं टोक फाट्कन वाजतं. झालं. ना छर्रे लागतात ना दारू. उभ्या पिकावर उतरलेली पाखरं हाकलायला माझ्यासारख्या गोफणी पिढ्यान्‌पिढ्या शेतावर राबल्या. मी मात्र शेत कधी पाहिलं नाही. माझा जन्म नाशिकच्या इंदिरानगरात, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत झाला.

त्या खोलीत ललित नावाच्या एका तरुणाने खेळ बनवण्याची कंपनी काढली होती. खेळ साधा होता. पिकात रानडुकरं शिरतात, वरून पाखरं उतरतात आणि आपण शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून कापणीपर्यंत पीक राखायचं. यातल्या शस्त्रांना रूप आणि हालचाल देण्याचं काम पल्लवीकडे होतं. पल्लवी पेठकडच्या डोंगरातली. तिच्या घरी भात आणि नागली पिकते. नागली म्हणजे तुम्ही नाचणी म्हणता ती. बंदूक आणि भाला तिने इकडे तिकडे बघून काढले. माझ्यासाठी मात्र ती एसटीने थेट गावी गेली आणि वडिलांना, हिरामणना, तिने नागलीच्या शेतात उभं केलं.

हिरामण आधी लाजले. पोरगी एवढी शिकली आणि आता बापाचा गोफण फिरवतानाचा व्हिडिओ काढते, गावात कोणी पाहिलं तर काय म्हणेल, असं त्यांचं चाललं होतं. पण एकदा माळ्यावर चढल्यावर सगळं विसरले. पल्लवीने पुढून, मागून, बाजूने त्यांचा हात टिपला. दोरीचा आवाज टिपताना वारा मधे येऊ नये म्हणून तिने मोबाइलला रुमाल गुंडाळला होता. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की बाबा पहिल्यांदा फिरवतात तेव्हा झोळीत दगडच नसतो. नुसता आवाज. दगड दुसऱ्या खेपेला. तिने विचारलं, तेव्हा हिरामण म्हणाले, "पयला फटका सांगायचा, दुसरा मारायचा. पिकात कोण बसलंय, वरून दिसत नाय. गवत कापायला तुझी आईच बसलेली असायची."

पल्लवीने ते सगळं जसंच्या तसं माझ्यात उतरवलं. हिरामणचा खांदा कसा मागे जातो, कोपर कसं उचललं जातं, मनगट शेवटी कसा हिसका देतं, सगळं. पहिला फटका रिकामाच ठेवला. मी तयार झाले तेव्हा ललित कितीतरी वेळ मला बघत राहिला. म्हणाला, अख्ख्या खेळात ही एकच गोष्ट आपली वाटते. पहिल्या जाहिरातीत बंदुकीच्या नव्हे, माझ्या चित्राला मान मिळाला. तेव्हा मी काय मिजाशीत होते म्हणून सांगू! बंदुकीशी धड बोलतसुद्धा नव्हते.

मग खेळ लोकांच्या हातात गेला आणि माझी मिजास उतरली. समोरून डुक्कर धावत येतंय, मुलगा हौसेने मला निवडतो, बटण दाबतो. मी फिरते, फाट्कन वाजते आणि दगड काही निघत नाही. तोवर डुकराने धडक दिलेली असते. "भंगार आहे ही," मुलगा म्हणतो आणि बंदूक उचलतो. दुसऱ्यांदा बटण दाबलं असतं तर दगड असा सणसणत गेला असता! पण दुसऱ्यांदा दाबायला थांबतंय कोण? खेळाखाली लोक लिहू लागले की गोफण बिघडलेली आहे, दगडच सुटत नाही. अरे, बिघडलेली कसली? मी शिकवल्यासारखी वागत होते. पण माझी बाजू मांडायला तिथे जागा नव्हती.

मी पल्लवीच्या कॉम्प्युटरमध्येही असते आणि खेळ असलेल्या प्रत्येक मोबाइलमध्येही. त्यामुळे फिरणं भरपूर होतं. कोणाच्या खिशात बसून येवल्याला जाऊन येते, कोणाबरोबर ओझरच्या कारखान्याच्या बसमध्ये पेंगते. एवढ्या माणसांत असते, पण माझ्याशी कोणाचं काही काम नसतं. बंदुकीला श्वास घ्यायला फुरसत नाही. जाळ्यालासुद्धा कोणी ना कोणी हात लावतं. कधी कधी एखादं बोट पिशवीत खाली खाली सरकत येतं. मी दोऱ्या सावरून तयार होते. बोट मशालीपाशी थांबतं आणि वर निघून जातं. मित्रांनो, अशा वेळी फार वाईट वाटतं. नको असलेल्या माणसाला घरातून घालवून तरी देतात. मला घालवतही नव्हते आणि बोलावतही नव्हते.

शेवटी घालवायचीही वेळ आली. खेळाची नवी आवृत्ती निघणार होती आणि ललितने पल्लवीला स्पष्ट सांगितलं, एक तर गोफण दुरुस्त कर, नाहीतर काढून टाक. त्याचं काही चुकत नव्हतं. माझ्यामुळे खेळाचं नाव खराब होत होतं. दुरुस्ती म्हणजे तरी काय, पहिला रिकामा फटका कापायचा. पल्लवीसाठी ते चहा गार व्हायच्या आत होणारं काम. पण ती रोज मला उघडायची, हिरामणचा तो हात फिरताना बघायची आणि तशीच बंद करायची.

याचं कारण मला ठाऊक होतं, ललितला नव्हतं. आदल्या वर्षी घरावर चढून कौलं सारखी करताना हिरामण घसरले आणि उजव्या खांद्यावर आपटले. तेव्हापासून तो हात छातीच्या वर जात नाही. जेवतात, काठी धरतात, पण गोफण फिरवणं संपलं. तो फिरणारा हात आता फक्त माझ्यात उरला होता. त्यातला अर्धा कापायचा की सगळाच पुसायचा, एवढंच पल्लवीने ठरवायचं होतं. एक दिवस तिने ललितला हे सगळं सांगून टाकलं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वाईट वाटतं गं. पण खेळ म्हणजे आपल्या घरचा अल्बम नाही, पल्लवी." तिला राग आला.

त्याच आठवड्यात हिरामण खांदा दाखवायला नाशिकला आले आणि पल्लवीच्या खोलीवर उतरले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हात याहून वर जाणं अवघड आहे. घरी आल्यावर ते खिडकीपाशी बसून राहिले, तेव्हा पल्लवीने त्यांच्या हातात मोबाइल दिला. म्हणाली, बाबा, हा आमचा खेळ, बघा तरी. मला काय वाटलं असेल, कल्पना करा. ज्याचा हात माझ्यात आहे, तोच माणूस पिशवी उघडत होता! डावा अंगठा हळूहळू खाली येऊ लागला. भाला गेला, जाळं गेलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, अंगठा सरळ वर गेला आणि हिरामणनी बंदूक घेतली.

आणि रमले की! ठो ठो करत डुकरांच्या मागे लागले. चेहरा लहान मुलासारखा झाला. पल्लवीने हळूच विचारलं की गोफण का नाही घेतली. ते म्हणाले, गोफण काय, जन्मभर तेच केलं, हात गळून जायचा, आता फुकटात बंदूक मिळतेय तर वाजवू दे की जरा. पल्लवी हसली. मला हसू आलं नाही. मुलांनी टाकलं तेव्हा निदान म्हणता येत होतं की त्यांना कळत नाही. आता काय म्हणणार? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, पुसून टाकलं तर बरं होईल.

खेळून झाल्यावर पल्लवीने चहा केला आणि मनातलं सगळं वडिलांना सांगितलं. मुलं गोफणीला भंगार म्हणतात, ललित पहिला फटका काप म्हणतो आणि तिचा तर हात धजत नाही. हिरामणनी मोबाइल पुन्हा जवळ ओढला आणि या वेळी मला निवडलं. मी फिरले. पडद्यावर त्यांचा खांदा मागे गेला, कोपर वर आलं, हात डोक्यावर गरगरला आणि फाट्कन आवाज झाला. ते बघत राहिले. पुन्हा दाबलं, पुन्हा बघितलं. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या खेळात पिकात कोणी बसलेलं असतं का?"

"नाही बाबा. पिकात कोणीच नसतं."

"मंग काढ की," हिरामण म्हणाले. "सांगायचं कोणाला?"

एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. त्यांच्या लेखी विषय मिटला होता. पल्लवी मात्र कप हातात घेऊन तशीच बसली. तिने गावावरून सांगणं उचलून आणलं होतं, पण ज्याला सांगायचं ते माणूस आणायचं राहून गेलं होतं. म्हणजे मी इतके दिवस भरल्या पिकावरून ओरडत होते आणि आत ऐकणारं कोणी नव्हतंच. माझं एकटेपण कुठून आलं, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

वडिलांना गावी पोचवून पल्लवी कामाला लागली. माझ्या एका धाग्यालाही तिने हात लावला नाही. तिने नागलीच्या पिकात एक बाई बसवली. कासोटा घातलेली, डोक्यावर पदर, हातात विळा, खाली वाकून गवत कापणारी. माळ्यावरून ती अजिबात दिसत नाही. तिला चाहूल लागली तरच ती उठते.

ललितने नवा डाव सुरू केला आणि सवयीने बंदूक उचलली. डुक्कर पिकात शिरलं तसा त्याने बार काढला. आतून एक किंकाळी आली आणि डाव तिथेच संपला. तो दचकला. आत कोण आहे म्हणून त्याने विचारलं, तर पल्लवीने सांगितलं की गवत कापणारी बाई आहे. त्याने पुन्हा डाव लावला, आता जपून, नेम धरून. पुन्हा तेच. ललित चिडला. ती दिसतच नाही तर तिला वाचवायचं कसं, असं तो म्हणाला.  तो पिशवीत वरून खाली बघत गेला आणि माझ्यापाशी येऊन थांबला.

मी फिरले. फाट्! पिकातून एक पदर वर आला. बाईने विळा कमरेला लावला, गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि माळ्याकडे एक नजर टाकून ती बांधावर गेली. ललितचं बोट बटणावर तसंच राहिलं. डुकरांनी केवढं तरी पीक तुडवलं, त्याचं लक्षच नव्हतं. मग तो म्हणाला, राहू दे ही. जशी आहे तशीच राहू दे.

तर मी राहिले. पण माझे दिवस पालटले, असं मात्र समजू नका. मुलं आता मला एका फटक्यापुरती बाहेर काढतात, बाई बांधावर गेली की लगेच पिशवीत टाकतात आणि बंदूक घेतात. दुसऱ्या फटक्याला कोणी थांबत नाही. काही जण अजूनही मला विसरतात, डाव हरतात आणि खेळालाच शिव्या घालतात. दिवसाचा बहुतेक वेळ मी पूर्वीसारखीच तळाशी पडून असते. फरक एवढाच, की मी वाजले की आता कोणीतरी मान वर करून बघतं.

मित्रांनो, बंदूक तुम्ही खुशाल चालवा, माझी तक्रार नाही. पण समोर नुसतं पीकच आहे असं धरून चालू नका. आधी एकदा मला फिरवा. आवाज रिकामा आहे म्हणून वैतागू नका, बोट जरा आवरा, आणि आतून कोणी उठतंय का ते बघा. त्याला बांधापर्यंत जाऊ द्या. एवढा धीर तुमच्या अंगी आला, तर मी पिशवीत कितीही खाली पडून राहायला तयार आहे.

हिरामणना पल्लवीने आपला जुना मोबाइल देऊन टाकला आहे. दुपारी जेवणं झाली की ते ओट्यावर बसतात, डाव्या अंगठ्याने मला निवडतात आणि पहिला फटका वाजवतात. दुसरा त्यांनी आजवर दाबलेला नाही, त्यामुळे डाव ते रोज हरतात. डुकरं पिकात शिरलेली असतात, वर पाखरांचे थवेच्या थवे उतरत असतात, भारा घेतलेली बाई बांधाकडे चाललेली असते, आणि हिरामण मोबाइल डोळ्यांजवळ धरून तिला म्हणतात, "सावकाश जा गं. घाई नाय."