मिशीवरचा फेस

दानेश्वरीचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं. सलग दोन वर्षं विज्ञान प्रदर्शनात राजवर्धनच्या गटानं तिला ओढून घेतलं, सगळे तक्ते तिच्याकडून लिहून घेतले, आणि परीक्षक समोर आल्यावर राजवर्धननं छाती पुढं काढून भाषण ठोकलं. ढाल त्याच्या हातात, शाईचे डाग हिच्या. यंदा नववीत मात्र चौगुले सरांनी जाहीर केलं होतं, की ज्याला स्वतःचा विषय सापडेल त्यानं एकट्यानं प्रकल्प करावा. विषय भौतिकशास्त्राचा हवा, इंटरनेटवरून उचललेला नको, वर्गात दुसऱ्या कुणी घेतलेला नको, आणि त्यात काहीतरी मोजता आलं पाहिजे. शनिवारी सकाळी यादी बंद. विषय नसलेले आपापल्या जुन्या गटात.

शुक्रवारची संध्याकाळ झाली तरी पोरीची पाटी कोरीच. लोलक गेला, भिंग गेलं, लोहचुंबक तर पहिल्याच दिवशी गेला. मिसळीचा रस्सा किती वेळात निवतो, हा तिचा लाडका विषय वर्गातल्या मोनानं पळवला. आईनं सुचवलेला कुकरच्या शिट्यांचा विषय झकास होता, पण तो वर्गातल्या आणखी चार आयांना सुचला होता.

"डोकं तापलंय तुझं," शिवय्या अज्जा म्हणाले. "चल, दूध पिऊन येऊ."

अज्जा म्हणजे तिचे आजोबा. मंगळवार पेठेतून रोज संध्याकाळी चालत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं, म्हैसवाल्या केरबानं म्हशीची धार थेट ग्लासात काढून द्यायची, आणि ते कोमट, फेसाळ दूध उभ्यानं घशाखाली उतरवायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. दानेश्वरी नाइलाजानं निघाली. कट्ट्यावर केरबा धार काढत होता. ग्लास खाली नेला की फेस चढायचा, वर आणला की कमी व्हायचा. ती बघतच राहिली. उंची मोजायची, फेस मोजायचा! विषय मिळाला की!

तिनं ग्लास कट्ट्यावर ठेवला, अज्जांच्या मोबाईलवर घड्याळ लावलं आणि फेस बसायची वाट बघू लागली.

"ए पोरी! काय करालीस?" केरबा गरजला. "धारेचं दूध ठेवत्यात व्हय? फेस बसायच्या आत प्यायचं!"

"केरबामामा, मला मोजायचंय."

"माझ्या म्हशीचं दूध माझ्यासमोर निवायला न्हाय ठेवायचं. अपमान हाय त्यो!"

अज्जांनी नातीचा प्रयोग उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. रीत म्हणजे रीत. दुसरा ग्लास तिनं पाठीमागं लपवून ठेवला, तर शेजारच्या पावण्यानं "कुणाचा हाय ह्यो?" म्हणत संपवला. तिसरा, चौथा केरबानं डोळे वटारून तिलाच प्यायला लावला. पोटाचा नगारा झाला आणि वहीत एक आकडा नाही. आता उद्या पुन्हा राजवर्धनचे तक्ते, या विचारानं ती रडायच्या बेतात होती.

"असू दे गं," अज्जा म्हणाले. तिनं वर बघितलं. अज्जांच्या झुपकेदार मिशीवर पांढरा फेस तसाच बसला होता. शेजारच्या पावण्याच्या कोरलेल्या मिशीवरचा मात्र केव्हाच गायब झाला होता. का?

"अज्जा, हलू नका!"

"का? गांधीलमाशी हाय?"

"मिशी पुसू नका! कुणीच पुसू नका!"

दोन मिनिटं दहा सेकंद. पावण्याला दुसरा ग्लास पाजला, चाळीस सेकंद. ग्लासातला फेस ठेवायला बंदी होती, मिशीवरच्या फेसाबद्दल कोल्हापुरात कसलाच नियम नव्हता. बातमी पसरली आणि कट्ट्यावर रांग लागली. एरवी ज्यांचा आवाज पार पंचगंगेपर्यंत जातो, ते गडी तोंड मिटून, हनुवटी वर करून पुतळ्यासारखे उभे. एकानं सवयीनं मिशीला पीळ दिला आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. "माझं परत मोज की, वारं आलतं," म्हणून दोघं भांडले. शेवटी केरबाही धार सोडून आला. "माझी बी लाव. बघू अज्जांच्या पुढं जात्या का." हसून हसून तिच्या हातातला मोबाईल हलत होता, आकडे मात्र ती एकेक बरोबर टिपत होती.

सकाळी वर्गात तिनं विषय वाचला, "मिशीची दाटी आणि दुधाच्या फेसाचं आयुष्य." वर्ग बाकांवर आडवा झाला.

"सर, ही चेष्टा करालीय," राजवर्धन म्हणाला. "तिला आमच्याच गटात टाका."

चौगुले सर हसले नाहीत. "दाटी कशी मोजणार?"

"एका बोटाच्या रुंदीत केस किती, ते. ग्लास तोच, म्हैस तीच."

"कोण मोजू देणार?"

"सतरा जणांनी नावं दिल्यात, सर."

"आणि उत्तर काय येईल?"

पुस्तकातला पृष्ठताण तिनं रात्री दोनदा वाचला होता, पण मिशीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. थाप मारावी का? मारून बघावी? नको.

"मला माहीत न्हाय, सर. मी शोधलो, कुठं सापडलं न्हाय. म्हणून तर मोजणाराय."

वर्ग पुन्हा हसला. सरांनी हात वर केला. "एकेचाळीस विषय आले. चाळीस जणांना उत्तर आधीच पाठ आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी यादीत लिहिलं, दानेश्वरी. पुढच्या रकान्यात, गटाच्या जागी, 'एकटी'. तिला बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं.

राजवर्धन तिच्या बाकाशी आला. त्याचा चेहरा खरोखरच काळजीत पडला होता.

"मग आमचे तक्ते कोण लिहिणार?"

"तुम्हीच की," ती म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेरही ती हसतच होती.