सरका, आता मी फिरवतो

मी एक जुना आइसक्रीमचा पॉट आहे. बाहेरून लोखंडी पट्ट्या मारलेली सागवानी बादली, आत कल्हई केलेला उभा डबा, डब्यात लाकडी रवी आणि ती फिरवायला लोखंडी हँडल, एवढाच माझा देह. मित्रांनो, तुमच्या घरच्या त्या पांढऱ्या कपाटात आइसक्रीम म्हणे आपोआप गोठतं. गोठू दे बापडं. आमच्या वेळी त्यासाठी घाम गाळावा लागायचा, आणि घाम न गाळता झालेल्या आइसक्रीमला चव कुठून येते हे मला अजून उमगलेलं नाही. म्हातारा कुरकुरतोय म्हणाल. माझ्या पट्ट्या सैल झाल्यात, मी कुरकुरणारच.

गिरगावातल्याच एका पिंपं बांधणाऱ्या कारागिराने मला घडवलं. त्याने फळ्याला फळी अशी बसवली की आत पाणी भरलं तर थेंब बाहेर यायचा नाही. मला विकत घेतलं चिंतामणरावांनी. फोर्टातल्या एका पेढीत ते हेडक्लार्क होते. मुगभाटातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. घरात पत्नी सरोजिनीबाई, मुलगी नलू आणि नंतर झालेलं शेंडेफळ, बंडू.

मला घेण्यामागे एक दुखरं कारण होतं. मे महिना लागला की चाळ ओस पडायची. कुणी रत्नागिरीला, कुणी मालवणला. भाऊच्या धक्क्यावरून बोटी माणसांनी भरून सुटायच्या. चिंतामणरावांच्या घराण्याला मात्र गावच नव्हतं. त्यांचे पणजोबासुद्धा मुंबईतच जन्मले आणि मुंबईतच गेले. एका सुट्टीत चिमुरडी नलू गॅलरीचा कठडा धरून बसली आणि विचारू लागली, "भाऊ, आपलं गाव कुठाय?" वडिलांना मुलं भाऊ म्हणत. भाऊंनी खाली रस्त्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे काय, हेच." नलूने भोकाडच पसरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला खांद्यावर घेऊन जिना चढले आणि तेव्हापासून त्या घराची सुट्टी म्हणजे मी, असं ठरून गेलं.

काय थाट असायचा माझा! सकाळपासून दूध आटत असे. सरोजिनीबाई हापूसचा रस काढून ठेवत. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून धोपटण्याने फोडायची, तो चुरा आणि खडेमीठ माझ्या पोटात डब्याभोवती ठासायचं. हँडल फिरू लागलं की मी जागचा हलायचो. म्हणून माझ्या डोक्यावर गोणपाटाची घडी टाकून त्यावर घरातलं सर्वांत धाकटं पोर बसवायची पद्धत होती. आधी नलू बसायची. बंडू बसता झाला तशी तिला उतरावं लागलं. त्या दिवशी ती फुरंगटून बसली होती.

सुरुवातीला हँडल भरभर फिरतं, कुणीही फिरवावं. मग दूध धरू लागतं आणि हात भरून येतात. पोरं दमली की चिंतामणराव सदऱ्याच्या बाह्या सारत पुढे यायचे आणि म्हणायचे, "सरका, आता मी फिरवतो." शेवटचे फेरे त्यांचेच. त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. माझ्या फळ्या करकरायच्या, त्यांच्या मानेची शीर फुगायची आणि सगळी गॅलरी वाट्या घेऊन उभी राहायची. चिंतामणरावांसारखं घट्ट आइसक्रीम अख्ख्या गिरगावात मिळायचं नाही, असं लोक म्हणत. त्यातलं अर्धं कौतुक माझं होतं, पण ते सगळं त्यांनाच मिळायचं. मी कधी मनावर घेतलं नाही.

मग चळवळीची वर्षं आली. कधी हरताळ, कधी संचारबंदी. बर्फवाल्याचं दुकानच बंद, तर आइसक्रीम कसलं? चिंतामणराव मोर्च्यांना जात, सभांना जात आणि घसा बसवून घरी येत. मी माळ्यावर पडून सगळं ऐकत होतो. बंडूला बाराखडी यायच्या आधी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आली होती. कढी वाढायला उशीर झाला तरी तो तीच द्यायचा.

अखेर साठ साल उजाडलं. एक मे रोजी महाराष्ट्र होणार हे पक्कं झालं आणि चाळीला उधाण आलं. त्या वर्षी कुणीही गावाला जायची घाई केली नाही. आपला महाराष्ट्र बघायचा, मगच बोट धरायची. आणि त्या दिवशी दुपारी चिंतामणरावांकडे सगळ्या गॅलरीला आइसक्रीम, हेही ठरून गेलं. शेजारच्या खोलीतल्या श्यामकांतांनी बर्फ आणायचं अंगावर घेतलं.

पण त्याआधीच, एप्रिलात, चिंतामणरावांच्या जांघेत गाठ आली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि अंतर्गळ म्हणजे हर्निया आहे, ऑपरेशन लवकर करा, असं बजावलं. मुलं खाली खेळत असताना नवराबायकोचं बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं, आणि वर माळ्यावर मी होतो.

"अहो, डॉक्टर म्हणाले, जोर लावलात आणि आतडं अडकलं तर जिवावर बेतेल," सरोजिनीबाई म्हणाल्या. "उद्याच दाखल व्हा ना."

"एवढी वर्षं घसा फोडला तो काय इस्पितळात पडून महाराष्ट्र ऐकायला? महाराष्ट्र होऊ दे, मग काय कापायचं ते कापा. त्यानंतरच्या बुधवारची वेळ घेतलीय."

"आणि मुलांना?"

"काही सांगायचं नाही. सुट्टी आहे त्यांची. ऑफिसच्या कामाला नाशिकला गेलोय म्हणून सांग."

सरोजिनीबाईंनी माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या पॉटला तरी हात लावू नका."

"वेडी आहेस. मी शेवटचे फेरे मारले नाहीत तर मुलांना कळणार नाही होय?"

मित्रांनो, मी हादरलो. ज्या हँडलचा मला अभिमान, तेच उद्या या माणसाचा घात करणार. बरं, मला तोंड असून बोलता येत नाही. पण सरोजिनीबाई मुकाट बसणाऱ्या नव्हत्या. चिंतामणराव कचेरीत गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या, माझं हँडल काढलं आणि पदराखाली घेऊन उतरल्या. मी लुळा झालो, आणि खरं सांगतो, इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

एक मेच्या आदल्या दिवशी नलू मिरवणुकीत नेसायला आईची हिरवी साडी शोधत होती. तिने नको ती ट्रंक उघडली. तिच्यात टॉवेल, तांब्या, दोन कोरे पायजमे आणि पायजम्यांत गुंडाळलेलं माझं हँडल होतं. ती ते सगळं घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, भाऊ पायजमा कधीपासून घालायला लागले?"

चिंतामणराव जन्मभर धोतर नेसलेले. सरोजिनीबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. त्या होत्या तिथे जमिनीवर बसल्या, नलूला जवळ ओढलं आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नलू पंधरा वर्षांची. ती रडली नाही, पण कितीतरी वेळ माझं हँडल मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

दुसरा दिवस रविवारचा होता. सकाळी रस्त्यारस्त्याला तोरणं लागली. चिंतामणराव गुलालाने माखून घरी आले ते श्यामकांतांच्या बर्फाबरोबरच. मला खाली उतरवून गॅलरीत मांडलं. बर्फ फुटला, रस ओतला, आणि हँडल सापडेना.

"हरवलंय," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"म्हणजे मुंबई मिळाली, महाराष्ट्र मिळाला, आणि आमच्या घरात हँडल मिळत नाही," चिंतामणराव म्हणाले, आणि गॅलरी खो खो हसली. "बंडू, जा, खालच्या सुताराला हाक मार. काहीतरी ठोकून देईल."

तेवढ्यात नलू आतून आली. तिच्या हातात हँडल होतं. "सापडलं," ती म्हणाली. सरोजिनीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हिची काही धडगत नाही. पण नलूने ते भाऊंच्या हाती दिलं नाही. स्वतःच माझ्यात बसवलं, बंडूला वर बसवलं आणि फिरवायला लागली.

ती फिरवत राहिली. कुणी मागितलं तर मान हलवून नाही म्हणाली. दूध धरू लागलं, हँडल जड झालं, तिचे तळवे लाल झाले. गॅलरीतून हाका सुरू झाल्या, चिंतामणराव, या आता. चिंतामणरावांनी बाह्या सारल्या.

"सरक नलू, आता मी फिरवतो."

"नाही सरकणार."

सगळे चपापले. नलू वडिलांना उलटून बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"अगं, हात सोलतील तुझे."

"सोलू देत." तिने हँडल आणखी घट्ट धरलं. "भाऊ, तुम्ही हात लावायचा नाही. मला ठाऊक आहे."

चिंतामणरावांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. माझ्या मनात आलं, आता हा माणूस हट्टाला पेटणार, हिला बाजूला सारणार आणि एका फेऱ्यात सगळं संपणार. त्यांचा हात पुढे आलाही होता. तो हँडलवर टेकला, क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो उचलला आणि बंडूच्या पाठीवर ठेवला.

"बंडू, उतर बाळा. आज वर मी बसतो. तू ताईला हात लाव."

आणि चिंतामणराव माझ्या डोक्यावर, त्या गोणपाटाच्या घडीवर, घरातलं सर्वांत धाकटं पोर बसतं तिथे बसले. कुणी हसलं नाही. तेच म्हणाले, "मंडळी, बुधवारी माझं ऑपरेशन आहे. जोर लावायची बंदी आहे. कुणाला सांगितलं नव्हतं."

"मग सांगायचं नाही का हो?" श्यामकांत म्हणाले. "आम्ही काय परके?" आणि तेही हँडलला लागले. मागून आणखी कुणी आलं. एक जण दमला की दुसरा येत होता.

बंडूला अजून काही कळत नव्हतं. तो फिरवता फिरवता मान वर करून म्हणाला, "भाऊ, ऑपरेशन केल्यावर दुखतं?"

"दुखत असणार."

"तुम्हाला भीती वाटते?"

चिंतामणरावांनी त्याच्या केसांतला गुलाल झटकला. "वाटते रे. खूप वाटते."

ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मला आधीच कळलं होतं. ते बसल्यापासून त्यांचे पाय माझ्या फळ्यांना टेकले होते आणि थरथरत होते. बर्फाच्या गारव्याने माणूस असा थरथरत नाही. एवढे दिवस हा माणूस एकटाच ते ओझं वागवत होता. बंडूला उत्तर दिलं आणि हळूहळू ती थरथर थांबली.

आइसक्रीम काही जमलं नाही. दहा हातांचे दहा वेग, कुठे बर्फाचे खडे, कुठे नुसतं पातळ. सगळ्यांनी ते वाट्यांतून प्यायलं आणि दुसऱ्यांदा मागितलं. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सर्वांत फसलेलं आइसक्रीम, आणि सर्वांत आवडतं कुठलं असं कोणी विचारलंच तर मी त्याचंच नाव सांगतो.

बुधवारी चिंतामणराव परळच्या इस्पितळात गेले. नाशिकची थाप मारायची गरज उरली नाही. मुलं ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचवायला गेली. सरोजिनीबाई आणि श्यामकांत बरोबर गेले. नलू आणि बंडू घरी परतले आणि करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मला धुवायला बसले. मला धुवायचं काम एरवी भाऊंचं. मीठ राहिलं तर लोखंड खातं, म्हणून ते आइसक्रीम झाल्या संध्याकाळीच मला गरम पाण्याने घासत. या खेपेला धांदलीत मी तसाच राहिलो होतो. नलू पट्ट्या घासत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं. मीठ काढता काढता ती पुन्हा मीठच लावत होती, पण मी तक्रार केली नाही.

उन्हं उतरली तेव्हा जिन्यावर श्यामकांतांची पावलं वाजली. नलू ओल्या हातांनीच उठली. दाराशी येऊन ते धापा टाकत म्हणाले, "शुद्धीवर आले. सगळं ठीक आहे. डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलं असेल? पॉट धुतला का म्हणून."

नलू तिथेच मटकन बसली आणि मला मिठी मारून हमसाहमशी रडली. मी ओला, ती ओली. बंडू तेवढ्यात गॅलरीभर सांगत सुटला होता.

पुढच्या मेपर्यंत डॉक्टरांनी सगळी मोकळीक दिली होती. नलूने हँडल भाऊंपुढे धरलं. त्यांनी गोणपाटाची घडी घातली, वर बसले आणि म्हणाले, "फिरवा तुम्ही. इथून गॅलरी छान दिसते." त्यानंतर खूप वर्षं ते तिथेच बसले. पुढे नलू लग्न होऊन गेली, बंडूने फ्रीज आणला, मी माळ्यावर गेलो तो तिथेच आहे. भाऊंनाही जाऊन बराच काळ लोटला. कधीतरी कुणी बॅग काढायला वर येतं, माझ्यावर त्याचा हात आपटतो आणि ते अजून हे ठेवलंय का, असं विचारतं. तेवढ्यानेही मला बरं वाटतं.

मित्रांनो, मला खाली काढा, पुसा, मिरवा, असा हट्ट मी धरणार नाही. माझं झालं आता. पण तुमच्याही घरात बाह्या सारून पुढे येणारं, सगळ्यांना बाजूला करून जड तेवढं आपल्या अंगावर घेणारं कुणीतरी असेल. त्याच्याकडे एकदा नीट बघा. त्याचे पाय थरथरत असतील, तर ते तो तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही सरकू नका. त्याला बसायला जागा द्या.