दुसऱ्या मजल्यावरचं जपान

सुदामला कतारातल्या अल अझीझिया भागातला फॅमिली फ्लॅट मिळाला नाही. असो. हे आपण वाचलंच नाही असं धरू आणि पहिल्यापासून बघू. सुदामही सध्या तेच करतोय.

कंपनीत मोरिता नावाचे जपानी इंजिनियर येणार होते. त्यांच्या हाताखाली एक सुपरवायझर लागणार होता. जपानी येणाऱ्याला पसंती, आणि त्या जागेसोबत फ्लॅट. फ्लॅट म्हणजे बायको संजीवनी आणि लेक नुपूर कराडहून थेट इकडं. लोकांचे एसी दुरुस्त करत सुदामनं कित्येक वर्षं नजमा भागातल्या कंपनीच्या चार कॉटच्या खोलीत काढली होती. त्या फ्लॅटसाठी तो चिमण्यांची भाषासुद्धा शिकला असता.

प्रश्न एवढाच, की शिकायचं कसं? खोलीचा रिवाज असा, की कुठलाही निर्णय शुक्रवारी मटणानंतर चौघांनी मिळून घ्यायचा. किसन म्हणाला, मोबाइलवर ॲप घे. ॲपनं आठवडाभर नुसती सफरचंदं मोजायला लावली. मग क्लासचा विषय निघाला. क्लास शुक्रवारी दुपारी, म्हणजे ऐन मटणाच्या वेळी होता. तो एकमतानं फेटाळला.

शेवटी खोलीतले ज्येष्ठ, ट्रेलर चालवणारे पोपटराव हाडूक बाजूला ठेवून म्हणाले, "भाषा देशात राहून येते. बाकी सगळी थेरं."

"राव, आपण इतकी वर्षं कतारात राहतोय," रत्नागिरीचा जहूर म्हणाला. "अरबी किती आली?"

"यल्ला. खलास. शुक्रन. इन्शाल्ला."

"शेवटचा मी घरनं आणलेला. तो धरू नका."

पोपटरावांनी विचार केला. "कारण आपण कतारात राहतच नाय. या खोलीत राहतो. मग खोलीच जपान करायची."

ठराव झाला. उंबऱ्याच्या आत जपान, बाहेरचा जिना म्हणजे विमानतळ. जपानात जो मराठी बोलेल, त्यानं सगळ्यांची भांडी घासायची, मटणाच्या पातेल्यासकट.

यात बारीकशी अडचण एकच होती. जपानी कुणालाच येत नव्हतं.

त्या दिवसापासून जपानात कमालीची शांतता नांदू लागली. पोपटराव मीठ बोटानं मागू लागले. त्यांच्या उशीवर झुरळ चढताना किसननं पाहिलं, पण तो कायद्याला धरून गप्प बसला. सुदाम पहिल्याच शुक्रवारी "पंखा लाव" म्हणून बसला आणि ते पातेलं त्याच्या वाट्याला आलं. तळाशी लागलेला मसाला खरवडताना त्यानं मनाशी शपथ घेतली, जपानात पुन्हा मराठीचा शब्द काढायचा नाही.

संजीवनीचा फोन आला की तो जिन्यात जायचा.

"अहो, कुठं आहात?"

"एअरपोर्टवर."

पलीकडं नुपूरनं उड्या मारल्याचा आवाज आला. समजूत घालायला त्याला बराच वेळ लागला.

मुलाखतीचा दिवस उजाडला. सुदाम केबिनमध्ये शिरला. मोरितासाहेबांनी मान वर केली.

"या, बसा. जेवलात का?"

अस्सल मराठीत.

"चाकणला नऊ वर्षं होतो," साहेब म्हणाले. "क्लास नाही, काही नाही. देशात राहिलं की येतं. जपानीचं कलम ऑफिसनं घातलं, जपानी मला येतं की. इथले फिटर सगळे तुमच्याकडचे. त्यांच्याशी बोलणारा माणूस पाहिजे. बोलाल ना?"

सुदामनं तोंड उघडलं. तेवढ्यात डोळ्यांपुढं पातेलं आलं. समोर जपानी माणूस बसलाय, म्हणजे हे जपान नाहीतर काय? त्यानं तोंड मिटलं आणि कमरेत वाकला. साहेब उठले आणि तेही वाकले. सुदाम पुन्हा वाकला. चहा आला तेव्हा कुठं दोघं थांबले.

जागा दुसऱ्याला गेली. तो फार बोलतो म्हणे.

संध्याकाळी तातडीची सभा विमानतळावर भरली, म्हणजे मराठीत बोलता येईल.

"तुमची विद्या खरी ठरली, राव," जहूर म्हणाला. "फक्त भलत्याला लागू पडली."

"ते राहू दे," पोपटराव म्हणाले. "लिही अर्ज."

प्रति, एचआर विभाग. विषय: जपानमधील खोलीस कुटुंबासाठी मान्यता मिळणेबाबत. महोदय, नजमा येथील दुसऱ्या मजल्यावरची डावीकडील खोली रीतसर ठरावाने जपानमध्ये आहे. सबब कंपनीचा कतारमधील बॅचलर खोल्यांत कुटुंब न ठेवण्याचा नियम तिला लागू होत नाही. तरी अर्जदाराची पत्नी व कन्या यांना सदर देशात राहण्याची परवानगी मिळावी. उर्वरित तीन नागरिक विमानतळावर झोपण्यास तयार आहेत. सदर दोघी दिवसभर मराठीच बोलतील. त्याबद्दलची सर्व भांडी अर्जदार घासेल, ही नम्र विनंती.