तीनशे बारावी ओळ

हृषीकेशने फाइल उघडली. तीनशे बाराव्या ओळीसमोर त्याचं नाव परत आलं होतं. काल त्याने ते स्वतःच्या हाताने खोडून तिथे शिवलिंगप्पांचं घातलं होतं. परवाही.

चादरीच्या डिझाइनची फाइल आधी फक्त मशिनला कळायची. कोणी काय बदललं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. माणसाला वाचता येईल अशी कर, असं कारखान्याच्या मालकांनी त्याला सांगितलं. हुशारी नडली. चादरीचा एक आडवा धागा म्हणजे एक ओळ, पुढे बदलणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण, अशी सुरेख मांडणी त्याने केली. जुन्या प्रती क्रमाने तिच्यात भरल्या आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तीनशे बाराव्या ओळीतला मोराचा डोळा त्यानेच पुसला होता, डाग समजून. दोनशे चादरींवर आंधळे मोर उतरले. ठपका आला तीस वर्षं डिझाइन काढणाऱ्या शिवलिंगप्पांवर. हृषीकेश गप्प बसला, आणि महिन्याभरात म्हातारा वारला. त्या गप्प बसण्याची त्याला लाज वाटायची. नोकरी जाण्याची भीती त्याहून जास्त.

आज कारणाच्या रकान्यातही काहीतरी लिहिलेलं होतं. तो रकाना त्याने रिकामा ठेवला होता. पासवर्ड त्याच्याशिवाय कोणाकडे नव्हता. शिवलिंगप्पांच्या कॉम्प्युटरवर अजून कापड झाकलेलं होतं.

तेवढ्यात शिवलिंगप्पांच्या पत्नी, फुलाबाई, आत आल्या.

"मालक म्हनले, आता समदं वाचता येतंय," त्या समोर बसत म्हणाल्या. "चूक ह्यांची होती का, तेवढं बघ. मला वाचता येत न्हाय. तू वाच की."

खोटं वाचायला काहीच लागलं नसतं.

"ओळ तीनशे बारा," तो म्हणाला. "बदल केला, हृषीकेशने."

"तू व्हय?"

"मी, काकू. त्यांची चूक नव्हती."

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"फुडं?"

"कारण. नजर चुकली. मनावर घेऊ नको." त्याने खुर्ची मागे सरकवली. "हे मी लिहिलेलं नाही."

"ह्यांचंच बोलणं हाय ते. कवा लिवलंय?"

"आजच. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी."

फुलाबाईंनी मान हलवली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "साडेआठलाच डबा घेऊन निघालेत की."