पाय जातील तिथे नको

मिस्त्रीने बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून पाहिली, कान लावला आणि मान हलवली.

"ही पोकळ आहे, ताई. इथे बोल्ट मारले तर पलीकडे न्हाणीघरात निघतील."

त्याच्या मागे, बैठकीच्या खोलीत मधोमध, पुठ्ठ्यात गुंडाळलेलं लोखंडी कपाट उभं होतं. छातीएवढं उंच, हातभर रुंद आणि आत आणताना चौघांना घाम फुटावा इतकं जड. आल्यापासून ते तिथेच होतं. अप्पा येता-जाता त्याला वळसा घालून जात, जणू पाहुणा आहे, कंटाळला की आपला आपण जाईल.

पाहुणा जाणार नव्हता. बंदुकीचा परवाना अप्पांच्या नावावरून त्यांच्या मुलीच्या नावावर व्हायचा होता आणि उद्या सकाळी अधिकारी घर बघायला येणार होते. कपाट भिंतीत पक्कं हवं आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात पोहोचणार नाही अशा जागी हवं, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. नाहीतर बंदूक जमा करावी लागणार होती. आता घरात दुसरं कुणी म्हणजे एकटे अप्पाच.

हिवाळ्यात एका पहाटे अप्पा बंदूक खांद्याला लावून डाळिंबाच्या बागेत पाखरं हाकायला गेले होते. बाग विकून कितीतरी वर्षं झाली होती. तिथे आता गॅरेजच्या रांगा आहेत. एका गॅरेजवाल्याने शटर अर्धं वर केलं, समोर बंदूकवाला म्हातारा पाहिला आणि घाईघाईने परत खाली ओढलं. बंदुकीत काडतूस नव्हतं, घरातही एक नव्हतं. पण शटरच्या आत बसलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

बंदूक देऊन टाक, असं सगळ्यांनीच तिला सांगितलं. तिलाही ते पटत होतं, पण रविवार आडवा येत होता. दर रविवारी सकाळी अप्पा टेबलावर जुनी चादर अंथरायचे, बंदुकीचे भाग सुटे करायचे, तेलाच्या फडक्याने एकेक पुसायचे आणि तेवढा वेळ त्यांना सगळं आठवायचं. गारपिटीचं वर्ष आठवायचं. पत्र्याचा डबा बडवत पाखरांमागे धावणारी आई आठवायची, आणि एकदा बडवता बडवता डब्याचं बूडच गळून पडलं तेही. झाडावर बसून कच्ची डाळिंबं कुरतडणारी मुलगी आठवायची, जिचं नाव त्यांनी खारुताई ठेवलं होतं. आठवडाभर तिला कधी 'बाई', कधी 'अहो' म्हणणारे अप्पा त्या वेळी न चुकता खारुताई म्हणायचे. ती पन्नाशीला आली होती, चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासत होती, आणि तिला खारुताई म्हणणारं दुसरं कुणी जगात उरलं नव्हतं. अप्पांसाठी ठेवतेय, असं ती लोकांना सांगायची. खरं तर ती बंदूक स्वतःसाठी ठेवत होती आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

"मागच्या कोठीत बघू या का?" तिने आवाज खाली आणून मिस्त्रीला विचारलं. "तिकडे हे फारसे जात नाहीत."

अप्पा समोरच्या खुर्चीतच बसले होते. लहान मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांनी बोलावं तसं आपण बोलतोय, हे लक्षात येऊन तिची तिलाच लाज वाटली.

"मोठ्याने बोल की," अप्पा म्हणाले. "ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच विचारा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

मिस्त्रीला हसावं की नाही ते कळेना. त्याने उगाचच टेप ओढली आणि सोडून दिली.

खरं तर एक जागा तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होती, फक्त तिचं नाव काढायला जीभ रेटत नव्हती. शिवणाची खोली. आई गेल्यापासून अप्पांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. दारावरून जातानासुद्धा ते मान दुसरीकडे वळवत. आता वेळच उरला नाही म्हटल्यावर ती मिस्त्रीला तिकडे घेऊन गेली.

आईचं मशीन खिडकीखाली होतं. त्याच्यावरचं फुलाफुलांचं कापड खुर्चीवर पडलेलं होतं. तिने ते उचलून परत मशीनवर घातलं. हल्ली हे कापड सारखं काढलेलं सापडायचं. झाडूनपुसून झाल्यावर आपणच घालायला विसरतो, असं तिला वाटायचं.

मिस्त्रीने कोपऱ्यातली भिंत ठोकली. पोकळ आवाज आला नाही.

"एक नंबर. भरीव आहे." त्याने कानामागची पेन्सिल काढून खूण केली.

"इथे नको."

अप्पा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. दोन्ही हात चौकटीला, चपलांची टोकं बरोबर उंबऱ्याशी.

"आईचं काहीच हलवणार नाही, अप्पा. मशीन तिथेच राहील. फक्त हा कोपरा."

"त्याचं नाही गं. इथे मी येतो."

"तुम्ही कुठे येता? तीन वर्षांत एकदा तरी आलात का?"

"शुद्धीत असताना नाही येत. पाय धजत नाही." ते मशीनकडे न बघता बोलत होते. "पण पहाटे कधीतरी जाग येते तेव्हा मी इथल्या खुर्चीत असतो. हातात ते कापड असतं. तिला चहाला बोलवायला येत असेन. मग आठवतं आणि मी परत जाऊन पडतो. तुला कशाला सांगायचं, म्हणून नाही बोललो."

तिला एकदम रडू आलं. ते दडवायला तिने मशीनवरच्या कापडाच्या सुरकुत्या काढल्या, नव्हत्या त्याही काढल्या. मिस्त्रीने भिंतीवरची खूण अंगठ्याने पुसून टाकली.

"असं करू," अप्पा म्हणाले. "आंधळी कोशिंबीर खेळू. मी डोळे मिटून चालतो. पाय जातील तिथे नको."

"पडाल कुठेतरी!"

"माझ्याच घरात? डोकं माझं चाळणी झालंय, पाय शाबूत आहेत."

त्यांनी डोळे मिटले. पॅसेजमधून ते थेट पुढच्या दाराशी गेले, आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर उठला. दारामागे पूर्वी बंदुकीच्या दोन खुंट्या होत्या. खुंट्या काढून, भोकं बुजवून, वर रंगही दिलेला होता. अप्पांचं बोट नेमकं बुजवलेल्या भोकावर टेकलं.

"इथे नको," मिस्त्री पुटपुटला. त्याला आता खेळात गोडी वाटायला लागली होती.

तिथून ते कोठीत गेले आणि चाचपडायचंही काम न पडता त्यांनी कडी काढली. जिन्याखाली वाकले, तेही बरोबर डोकं आपटणार नाही इतकंच. ती दोन्ही हात पुढे धरून त्यांच्या मागे-मागे चालली होती, आणि ते कुठेच अडखळत नव्हते. सबंध घर त्यांच्या तळव्यांना पाठ होतं. आता एकही भिंत उरली नाही, उद्या साहेबांना नाही म्हणून कळवावं लागणार आणि रविवार गेला, असं तिच्या मनात आलं.

परत पॅसेजमध्ये येताना अप्पा अचानक थांबले. डावीकडे तिची खोली होती. लहानपणी होती तीच, आणि आई गेल्यावर ती परत राहायला आली तीही त्याच खोलीत. दार सताड उघडं होतं. डोळे मिटलेल्या अप्पांनी हात उचलला आणि चौकटीवर टकटक केली.



तेरा वर्षांची असताना तिने या दारावर कागद चिकटवला होता: टकटक केल्याशिवाय आत येऊ नये. 'माझ्या घरात मी टकटक करू?' म्हणून आई झाडू घेऊन सरळ आत शिरली होती. अप्पांचा आवाज अख्ख्या बागेत घुमायचा, पण या दाराशी आले की ते पाहुण्यासारखे उभे राहायचे. परीक्षेत ती नापास झाली त्या दिवशी ते बाहेर किती वेळ ताटकळले होते. एकदा तर ओंजळीत डाळिंबं होती म्हणून त्यांनी कपाळाने टकटक केली होती आणि आत आले तेव्हा कपाळावर दाराचा ओला रंग लागला होता. कागद कधीच फाटून गेला. ती सासरी गेली, परत आली, तरी अप्पांनी टकटक सोडली नाही.

"या, अप्पा," ती म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. आपला अजून वर असलेला हात पाहिला आणि ते हसले.

"इथे बसव रे," ते मिस्त्रीला म्हणाले. "या खोलीत मी विचारल्याशिवाय येत नाही."

मिस्त्रीने दारामागची भिंत ठोकली. भरीव होती. पुस्तकांचा रॅक हलवायला लागला, आणि ड्रिलची धूळ तिच्या उशीवरही बसली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. त्यांनी कपाट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. ते हललं नाही. किल्ली कुठे असते ते तिने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं.

"आजोबांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"मला सांगू नका हं, साहेब," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "माझ्या पोटात काही राहत नाही, आणि डोक्यात तर त्याहून नाही."

अधिकाऱ्यांनी हसतच सही केली.

त्यानंतरच्या एका बुधवारी तिला उजाडता उजाडता जाग आली. बाहेर पाखरं बोलायला लागली होती. पॅसेजमध्ये चपला वाजल्या, पुढच्या दाराकडे गेल्या, तिथे जरा वेळ थांबल्या आणि परत आल्या. अप्पांची चाहूल लागावी म्हणून हल्ली ती खोलीचं दार उघडंच ठेवत असे. अंधुक उजेडात अप्पा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी चौकटीवर टकटक केली.

ती अंथरुणात उठून बसली. त्यांनी वाट पाहिली आणि पुन्हा टकटक केली, आधीपेक्षा हळू.

"खारुताई, जागी आहेस का गं? आत येऊ का?"

रविवार नव्हता, टेबलावर चादर नव्हती, तरी ते खारुताई म्हणाले होते.

"जागी आहे, अप्पा."

"बंदूक जागेवर नाही. तू पाहिलीस का? पाखरं उतरलीत बागेत."

तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. दारामागे कपाट होतं, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. ते मात्र उंबऱ्याच्या बाहेरच होते.

"उडाली पाखरं, अप्पा. आईने आत्ताच डबा बडवला."

अप्पांनी मान तिरकी करून कान दिला.

"हो का? मग ठीक," ते म्हणाले. "डब्याचं बूड राहिलंय का बघायला पाहिजे."

आणि ते हसले, बागेतल्यासारखे मोठ्याने. तीही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"चहा ठेवतेस? मी तिला बोलावतो."

"ठेवते."

चपला शिवणाच्या खोलीकडे गेल्या. त्या दारावर त्यांनी टकटक केली नाही.