रुपया सावरला तेव्हा

केडगावहून शिरूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत करुणा आणि हर्षदा कायम एकाच बाकावर बसत. करुणा शिरूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, हर्षदा तिथल्याच एका दवाखान्यात नर्स होती. करुणाचा धाकटा भाऊ सुमित अमेरिकेत शिकत होता, फी डॉलरमध्ये भरायची. हर्षदाचा नवरा मल्हार मस्कतला क्रेन चालवायचा आणि गावाकडच्या घराच्या बांधकामाला पैसे पाठवायचा.

त्या वर्षी रुपया घसरत चालला. एका सकाळी मोबाइल बघून हर्षदा म्हणाली, "बरं झालं बाई, आज आणखी पडला. आमचा स्लॅब निघतोय बघ यातनं."

सुमितच्या फीसाठी करुणाच्या आईनं आदल्याच दिवशी पाटल्या मोडल्या होत्या. दुसऱ्या सकाळी करुणा मागच्या बाकावर जाऊन बसली. हर्षदानं एकदा वळून पाहिलं.

पुढं रिझर्व्ह बँकेनं बाजारात डॉलर विकले आणि रुपया सावरला. करुणानं वर्गात सांगितलं, "बँक भाव ठरवून देत नाही, नुसते धक्के कमी करते." सांगताना तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आठवड्यानं परतीच्या गाडीत हर्षदा खिडकीला डोकं टेकून बसलेली दिसली. डोळे सुजलेले. करुणा न राहवून तिच्याशेजारी बसली.

"काय झालं गं?"

"ह्यांनी पैसं पाठवलंच न्हाईत. रुपया अजून पडंल, थांबा, असं मीच सांगितलं. आता डॉलरचा भाव उतरला, आन् गवंडी दुसऱ्याच्या कामावर गेला. सासरं माझ्याशी बोलत न्हाईत."

करुणाला वर्गातला आपला आनंद आठवला.

"करुणा, त्या बँकेनं कुणाचं बघावं? तुझं का माझं?"

पुस्तकातलं उत्तर करुणानं बाजूला ठेवलं. ती म्हणाली, "दोघींचंबी. म्हणून तर कुणाचंच पुरतं होत न्हाई."

हर्षदानं डोळे पुसले. "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस."

"रागावलेच होते," करुणा म्हणाली.

रविवारी ती हर्षदाच्या घरी गेली. सासरे, हरिबा, ओट्यावर बसले होते.

"आबा, हर्षदावर राग धरू नका. उद्याचा भाव कुणालाच कळत न्हाई. मी तेच शिकवते, तरी मलाबी कळत न्हाई."

म्हाताऱ्यानं बांधकामाच्या उभ्या सळयांकडे एकदा पाहिलं. मग आत तोंड करून म्हणाला, "हर्षदा, च्या टाक गं. म्याडम आल्यात."